कळक

गेल्या डिसेंबरात गुहागरला एका लग्नाला गेलो होतो. अण्णा, आई आणि मी. परत निघायला रात्रीचे नऊ वाजले. गाडी अण्णांची, १९९६ सालची मारुती आठशे, आणि चालवतही तेच होते. वय ७४, पण रात्रीची गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायला ते अजून राजी नसतात. मिरजोळीच्या अलीकडे आईला पाणी हवं होतं, म्हणून समोरच्या टपरीकडे वळायला त्यांनी उजवा इंडिकेटर दिला, आणि डॅशबोर्डवर भलतंच काही सुरू झालं. उजव्या बाणाबरोबर डावा बाणही मिणमिणायला लागला. मीटरचा हिरवट उजेड त्या टक-टकच्या तालावर कमी-जास्त व्हायला लागला, आणि पेट्रोलचा काटा अर्ध्यावरून पाऊणवर, पाऊणवरून पुन्हा अर्ध्यावर असे हेलकावे खाऊ लागला.

"अण्णा, काटा नाचतोय."

"तो नाचतोच. त्याच्याकडे बघायचं नाही," अण्णा म्हणाले आणि त्यांनी गाडी वळवली. मागच्या सीटवर आई गप्प होती. टपरीवाल्याकडून बाटली घेतली, गाडी पुन्हा रस्त्याला लागली, चिपळूण आलं, जेवणाची आवराआवर नव्हतीच, सगळे झोपलो. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला आले. पण आठवडाभर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. त्याच्याकडे बघायचं नाही.

कारण त्या काट्यांकडे बघायला मला अण्णांनीच शिकवलं होतं. गाडी आली तेव्हा मी दहावीत होते. अण्णा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरीही त्यांच्यातला मास्तर सुट्टीवर जात नसे. गाडीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, किल्ली अर्धीच फिरवायला लावली आणि विचारलं, काय दिसतंय? लाल दिवे दिसत होते. ऑइलचा, बॅटरीचा, हँडब्रेकचा. मला वाटलं काहीतरी बिघडलंय. ते म्हणाले, नाही, हे सगळे आत्ता लागलेच पाहिजेत, हजेरी देतायत ते. जो लागणार नाही त्याची काळजी करायची. मग इंजिन चालू केलं आणि दिवे विझले. बॅटरीचा दिवा का विझतो हे त्यांनी शाळेच्या फळ्यावर काढावं तसं वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं होतं. दिव्याच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला अल्टरनेटर. इंजिन बंद असताना एकाच बाजूने दाब असतो म्हणून करंट वाहतो आणि दिवा लागतो. इंजिन फिरायला लागलं की दोन्ही टोकांना सारखा दाब येतो, वाहायला कारणच उरत नाही, दिवा विझतो. त्या दिवशी मला ते इतकं सुंदर वाटलं होतं की मी पुढे महिनाभर गाडीत बसले की आधी तो दिवा विझताना बघायची. मे महिन्यात कुंभार्ली घाट चढताना टेंपरेचरच्या काट्यावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे असायचं. काटा वरच्या रेघेकडे सरकला की मी सांगायचे, अण्णा हीटर पूर्ण उघडायचे, आणि आम्ही सगळे घामाने निथळत, खिडक्यांतून डोकी बाहेर काढून, इंजिनाची गरमी आपल्या अंगावर घ्यायचो. काट्यावर तेवढा विश्वास होता.

मग २२ जुलै २०२१. चिपळूणच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. वाशिष्ठी नदी रात्रीच चढत होती, आणि पहाटेपर्यंत बाजारपेठेत दुकानांच्या पाट्या तेवढ्या दिसत होत्या. मी तेव्हा पुण्यात फोन लावत बसले होते आणि फोन लागत नव्हता. आमचं घर पहिल्या मजल्यावर, म्हणून माणसं वाचली. गाडी खाली होती. पाणी ओसरल्यावर मी पोहोचले तेव्हा तिच्या दारांतून गाळ ओघळत होता आणि आतल्या बाजूला, स्टिअरिंगच्या चाकाच्या बरोबर मध्यावर, पाण्याने आपली रेघ मारून ठेवली होती. आसपासच्या नव्या गाड्या क्रेनने उचलून नेत होते. आमची राहिली, कारण तिच्यात कॉम्प्युटर नावाची चीजच नव्हती, साधं कार्बोरेटरचं इंजिन. मेकॅनिकने प्लग काढले, सगळं ऑइल उपसलं, सेल्फ उघडून धुतला. सीटा काढून गच्चीवर वाळत घातल्या. नवव्या दिवशी गाडी चालू झाली. तो आवाज ऐकून आमच्या आळीतली माणसं हातातलं फावडं टाकून बघायला आली होती, इतकं तेव्हा कशाचंही चालू होणं मोठं होतं.

डॅशबोर्डची तक्रार सुरू झाली ती त्यानंतर वर्षभराने. आधी पेट्रोलचा काटा. एकाने सांगितलं टाकीतला फ्लोट गेला, तो बदलला. दोन महिने बरे गेले. मग इंडिकेटर वेडावाकडा लागायला लागला, म्हणून बाण लुकलुकवणारा फ्लॅशर बदलला. मग बल्ब बदलले. मग भंगारातून दुसरा मीटर आणून बसवला. गंमत म्हणजे प्रत्येक दुरुस्तीनंतर थोडे दिवस सगळं सुरळीत चाले, त्यामुळे दुरुस्ती चुकली असं कुणाला वाटायचंच नाही. अण्णांनी शेवटी नाद सोडला आणि एक वही घातली. दर वेळी टाकी पूर्ण भरायची, तारीख, किलोमीटर आणि लिटर लिहायचे, अडीचशे किलोमीटर झाले की पुन्हा भरायची. किलोमीटरचे आकडे गिअरबॉक्समधून आलेल्या केबलवर फिरतात, त्यांचा विजेशी संबंध नाही, म्हणून ते आकडे खरे. वही अतिशय नेटकी आहे. समासाची लाल रेघसुद्धा आखलेली. मला त्या वहीचं कौतुक वाटायचं. मिरजोळीच्या रात्रीनंतर मात्र तिच्याकडे बघून पोटात कसंतरी व्हायला लागलं.

घरातही तेवढ्याच काळात बारीकसारीक काहीबाही सुरू झालं होतं. पावसाचा आवाज वाढला की अण्णा रात्री दोनला उठून टॉर्च घेऊन जिन्यात उभे राहतात, म्हणून डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. आईने डाळी-तांदळाचे डबे माळ्यावर चढवले आणि रोज स्टुलावर चढून ते काढते, म्हणून मी घडीची शिडी आणून दिली. फोन मध्येच कट झाला की आई रडवेली होते, म्हणून दोघांना नवे फोन घेतले.

जानेवारीत चार दिवसांची सुट्टी काढून मी चिपळूणला आले ती व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर घेऊनच. येण्याआधी खेर्डीच्या रस्त्यावर बसणाऱ्या एका वयस्कर वायरमनकाकांशी फोनवर बोलले होते. त्यांचं दुकान पुरात आख्खं गेलेलं, आता एका गाळ्याच्या पुढ्यात टेबल मांडून बसतात. मी लक्षणं सांगायला लागले तर त्यांनी तिसऱ्या वाक्याला थांबवलं. "लाइट बंद ठेवून नुसता इंडिकेटर दिला तर मीटरचा उजेड लुकलुकतो का?" मी अण्णांना विचारून सांगितलं, हो. "मग मीटरला हात लावू नका. अर्थिंग बघा. पुरातल्या गाडीचं आधी अर्थिंग बघायचं, बाकीचं मग."

गाडीत परतीची वायर नसते, म्हणजे जवळजवळ नसतेच. बॅटरीतून निघालेला करंट वायरीतून दिव्यापर्यंत येतो, आणि दिव्यातून पुढे जवळच्या पत्र्यात उतरतो. गाडीचं सगळं अंग हीच त्याची परतीची वाट, काका म्हणत होते ते अर्थिंग. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे, दोन्ही काटे, बाण, सगळ्यांची मिळून एकच काळी वायर आतल्या पत्र्याला एका स्क्रूने आवळलेली असते. तो सांधा खराब झाला की करंट थांबत नाही, तो दुसरी वाट शोधतो. उजव्या बाणाचा करंट डाव्या बाणाच्या बल्बमधून उलटा शिरून डाव्या बाजूच्या दिव्यांवाटे पत्र्यावर जातो. काही मीटरच्या दिव्यांतून मागच्या लाल दिव्यांकडे निघतो. आपल्या दाराला कुलूप म्हणून शेजारच्या परसातून, कुणाच्या पडवीतून जावं तसा. जाता जाता प्रत्येक घरातला दिवा थोडा थोडा लागतो. पेट्रोलचा काटा बिचारा या सगळ्या ये-जा करणाऱ्यांच्या धक्क्याने हलतो. टाकीत काय आहे ते त्याला ठाऊक असतं, पण सांगायला जमिनीवर पाय टेकलेला नसतो.

रविवारी सकाळी आठला सुरुवात केली. खाली चौकात ऊन यायचं होतं, पत्रा हाताला गार लागत होता. आधी मोजमाप. मल्टिमीटरचं एक टोक लांब वायर लावून बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं मीटरच्या सॉकेटातल्या काळ्या वायरीवर. हा आकडा शून्याच्या आसपास असायला हवा, ०.१ च्या आत. अण्णांनी लाइटचं बटण दाबलं. ३.८ व्होल्ट. इंडिकेटर दिला तर आकडाही त्याच तालावर वरखाली व्हायला लागला. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिले. मग मी काकांनी सांगितलेली दुसरी गोष्ट केली. हातभर वायर घेतली, एक टोक काळ्या वायरीला, दुसरं दाराच्या बिजागरीपाशी खरवडून उघड्या केलेल्या पत्र्याला टेकवलं. डॅशबोर्ड एकदम लख्ख झाला. काटा सावकाश खाली आला आणि पावाच्या थोडा वर थांबला. डावा बाण विझला. वायर उचलली की पुन्हा धिंगाणा, टेकवली की शांत. मी सहा-सात वेळा टेकवून उचलून बघितलं असेल. अण्णा म्हणाले, "राहू दे टेकवलेलं." आवाज थोडा ओला होता.

नंतर दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली, मीटरच्या वरच्या झाकणाचे स्क्रू काढले, हात मागे घालून स्पीडोमीटरच्या केबलची चाप दाबून ती ओढून काढली. मीटर पुढे आला आणि त्याच्या मागून वास आला. मला तो वास लगेच ओळखू आला, पोटातून. त्या जुलैत सगळ्या चिपळूणला येत होता तो. इतक्या वर्षांनी, इतक्या धुण्या-पुसण्यानंतर, गाळ तिथे होताच. वायरींच्या गठ्ठ्यावर, टेपच्या घड्यांत, पावडरीसारखा मऊ, राखाडी-पिवळा. बोटाला लागला तर बोटाच्या रेषा भरून निघाल्या. आई तोवर खाली आली होती. टॉर्च धरायला माणूस हवं होतं, अण्णांचा हात अलीकडे थरथरतो, म्हणून टॉर्च तिने घेतला आणि शेजारच्या सीटवर गुडघे टेकून उजेड बरोबर मला हवा तिथे धरला.

स्क्रू सापडला. स्टिअरिंगच्या दांड्याच्या वर, एका आडव्या पट्टीला, सहज कुणाचा हात जाणार नाही अशा कोनात. त्याच्याखाली दोन थिंबलं, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्या, एकावर एक दाबलेली होती, एक मीटरचं, एक पुढे कधीतरी गाण्यांचा टेप बसवताना कुणीतरी घुसवलेलं. स्क्रू अर्धा आटा फिरला आणि त्याच्या भोवतीचा पोपडा गळून माझ्या मनगटावर पडला. थिंबल बाहेर काढलं. मूळचा रंग कुठेच उरला नव्हता. कडेने हिरवागार, मध्ये पांढरट भुकटी, आणि वायरीच्या रबराच्या आत दोन बोटं तांबं काळं पडलेलं. मी ते तळहातावर घेऊन बघत होते. आईने टॉर्च जवळ आणला.

"कळकलंय गं हे," ती म्हणाली.

किती वर्षांनी ऐकला तो शब्द! आजीच्या स्वयंपाकघरात रोज असायचा. पितळेच्या भांड्यात ताक ठेवू नको, कळकेल. आमटी काढून घे, कळकेल. वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा, चिंचेखाली खड्डा खणून भट्टी लावायचा, भाता ओढायचा. पातेलं तापलं की नवसागर टाकायचा, पांढरा धूर नाकात झोंबायचा, मग कथलाची पट्टी टेकवून कापसाच्या बोळ्याने असा काही हात फिरवायचा की काळं पातेलं डोळ्यांदेखत चांदीचं व्हायचं. आम्ही मुलं धुरात उभी राहून ते बघायचो. तांबं आणि आंबट यांच्यामध्ये कथलाचा एक पापुद्रा, एवढ्यावर आजीचं सगळं स्वयंपाकघर चालायचं. इथे ताक नव्हतं, वाशिष्ठीचं पाणी होतं, भरतीला खाडीचा खारेपणा घेऊन येणारं. बाकी सगळं तेच.

उजेड माझ्या हातावर स्थिर होता. आई बोलायला लागली, माझ्याशी नाही, बाहेर उभ्या असलेल्या अण्णांशीही नाही, डॅशबोर्डाच्या त्या उघड्या खबदाडाशी बोलल्यासारखी. "त्या रात्री हे गाडी वर घ्यायला खाली उतरले. मी नको म्हणत होते. पायऱ्यांवर पाणी आलं होतं. मी वरून हाका मारतेय, मारतेय. वीस मिनिटं उत्तर नाही. अंधार. नुसता पाण्याचा आवाज. मला वाटलं, गेले." टॉर्च जराही हलला नाही. "वर आले ते भिजलेले. म्हणाले, गाडी निघाली नाही. मी टॉवेल दिला. मग सगळं ते तसंच सुरू झालं, गाळ काढा, हे धुवा, ते धुवा. बोलायचं राहूनच गेलं."

हे मला माहीत नव्हतं.

अण्णा दाराला धरून उभे होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हाका ऐकू येत होत्या. मी ओ देत होतो. पाण्याच्या आवाजात तुला पोचत नसणार." आई म्हणाली, "नाही पोचली." मी थिंबल हातात धरून तशीच आडवी पडून होते, पाठीत गिअरचा दांडा रुतत होता, पण हलावंसं वाटेना.

दुपारी मी ते थिंबल घेऊन वायरमनकाकांकडे गेले. त्यांनी नवीन थिंबलं काढून दिली, चांदीसारखी चकचकीत. आईचा शब्द मी त्यांना सांगितला तर ते मनापासून हसले. "बरोबर बोलल्या. आणि ही कल्हईचीच आहेत. आत तांबं, वर कथील. सोल्डरमध्येही कथीलच." काळी पडलेली वायर चांगलं तांबं दिसेपर्यंत कापायची, थिंबल दाबून वर सोल्डर भरायचा, पत्रा पॉलिश पेपरने उजळ होईस्तोवर घासायचा, दातेरी वॉशर घालून आवळायचं, आणि शेवटी वरून ग्रीस. ग्रीस आधी नाही, शेवटी. टेपची वायर या स्क्रूखाली पुन्हा घालायची नाही, तिला वेगळी जागा. पैसे विचारले तर थिंबलांचे वीस रुपये घेतले.

पत्रा घासायचं काम अण्णांनी मागून घेतलं. हात थरथरत होता, पण घासायला थरथर आड येत नाही. वाकून, जीभ किंचित बाहेर काढून, रुपयाएवढी जागा त्यांनी इतकी उजळली की टॉर्चचा उजेड तिच्यावरून परत डोळ्यांवर आला. स्क्रू मी आवळला. मीटर जागेवर, केबल जागेवर, बॅटरीची केबल शेवटी. मल्टिमीटरने पुन्हा मोजलं, ०.०४. अण्णांनी किल्ली अर्धी फिरवली आणि सवयीने माझ्याकडे बघितलं. ऑइल, बॅटरी, हँडब्रेक. तिघांची हजेरी लागली.

संध्याकाळी आम्ही पेट्रोल भरायला निघालो. खरं तर वहीप्रमाणे अजून साठ-सत्तर किलोमीटर बाकी होते. बहादूरशेख नाक्यापाशी अण्णांनी उजवा इंडिकेटर दिला. एकच बाण, टक-टक, टक-टक, आणि काटा आपल्या जागी. अण्णांनी सवयीने दाराच्या खणातली वही काढून माझ्या मांडीवर ठेवली.

मागून आई पुढे वाकली. "अहो, काटा काय म्हणतो?"

अण्णांनी मान खाली करून नीट बघितलं. "पाव म्हणतोय," ते म्हणाले, आणि मला म्हणाले, "लिही."